गाडी कोणत्या रेसला अडखळते?

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, जवळजवळ हद्दपार झाला. पुण्यातून मात्र तो हलायला तयार नाही. जुन्या स्कूटर, मोपेड, सोसायटीतलं गवत कापायचं मशीन, मांडववाल्याचा जनरेटर, सगळीकडे तोच आहे. नाना पेठेत त्याचे सुटे भाग अजून मिळतात. गाडी मिसिंग करू लागली की बहुतेकांचा पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो. पण स्क्रू सहसा आपोआप फिरत नाही. काल नीट चालणारी गाडी आज बंद पडली, तर कारण बहुधा दुसरीकडेच असतं.

इंजिन हवा ओढतं, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि तिथला दाब उतरतो. बर्नुलीने १७३८ मध्ये मांडलेलं हे तत्त्व. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, म्हणून ते जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, वर चढून हवेत फवारलं जातं. डास मारायचा जुना फ्लिटचा पंप असाच चाले. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने एकास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच.

एकच जेट सगळ्या वेगांना पुरत नाही. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, गळ्यातून हवा इतकी थोडी जाते की मेन जेटमधून पेट्रोल ओढलंच जात नाही. तिथे पायलट जेट काम करतो. मधल्या रेसला स्लाइडची (रेस दिली की वर सरकणाऱ्या झडपेची) निमुळती सुई आणि पूर्ण रेसला मेन जेट. म्हणून पहिला प्रश्न असा: गाडी नेमकी कोणत्या रेसला अडखळते?

चोक (थंड इंजिन सुरू करताना मिश्रण रिच करणारी कळ) ओढल्यावर चालते, सोडल्यावर मरते? पायलट जेटमध्ये कचरा आहे, किंवा इंजिनाकडच्या रबरातून चोरहवा, म्हणजे कार्बोरेटरला चुकवून येणारी हवा, शिरते आहे. रेस सोडूनही आवाज लगेच खाली येत नसेल तर चोरहवेचा संशय आणखी पक्का. पूर्ण रेसला दम लागत असेल तर मेन जेट बघा. त्याआधी टाकीच्या झाकणाचं बारीक भोक मोकळं आहे ना, तेही बघा. प्लग काळा आणि धूरही काळा असेल, तर एअर फिल्टर तुंबलाय, चोक अडकलाय किंवा फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची, पेट्रोल थांबवणारी) सुई नीट बसत नाही.

जेटमध्ये तार घालणं हा आपल्याकडचा आवडता अघोरी उपाय. पायलटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्याचा व्यास १० टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं, आणि मग कुठलंही ट्यूनिंग टिकत नाही. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

हे सगळं झालं की मगच स्क्रू. इंजिन गरम करून घ्या. मिक्सचर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून साधारण दीड फेरा उघडा, मग थोडा थोडा फिरवून आयडलिंग सर्वांत जलद आणि एकसारखं होईल तिथे थांबा आणि शेवटी स्लो स्पीडच्या स्क्रूने ते खाली आणा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत घेतला की मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: आत घेतला की लीन. इथे उलटसुलट झालं की अख्खी दुपार जाते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगडाचा माथा सुमारे १३०० मीटरवर. वर हवा साधारण ७ टक्के विरळ, पण मिश्रण त्याच्या निम्म्यानेच रिच होतं. तेवढ्यासाठी जेट बदलू नये. ई-२० पेट्रोलचा फरक याहून मोठा. इथेनॉलला एकास ९ भागच हवा लागते, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचं प्रमाण १३.५ च्या आसपास येतं आणि जुनं सेटिंग लीन ठरतं. म्हणजे अशी गाडी गडावर थोडी बरी चालावी! मिक्सचर स्क्रू फक्त आयडलिंगपुरता, त्याने वरच्या रेसचं काही सुधारत नाही. पूर्ण रेसला इंजिन फारच तापत असेल आणि प्लग पांढरा पडत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा घ्यावा लागतो.