लूपची कंडिशन चुकणे आणि ती दुरुस्त करणे

लूपची कंडिशन चुकणे म्हणजे व्हाइल, फॉर किंवा डू-व्हाइल लूप (तेच काम परत परत करणारा कोड) कुठपर्यंत फिरायचा हे ठरवणारी अट चुकीची लिहिली जाणं. मग लूप एक फेरी कमी फिरतो, नाहीतर एक जास्त फिरतो, कधी आत शिरतच नाही आणि कधी थांबायचं नावच घेत नाही. प्रोग्रामिंग शिकायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही चूक होते, आणि त्रास याचा की कंपायलर (कोड तपासून कॉम्प्युटरला कळेल असा करणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा गप्प बसतो, कारण त्याच्या दृष्टीने कोड अगदी शुद्ध असतो, चूक असते ती फक्त तुमच्या मनातल्या हिशोबात आणि लिहिलेल्या अटीत.

यावरचा सगळ्यात जास्त चालणारा उपाय म्हणजे < च्या जागी <= टाकून बघणं, जमलं नाही तर शेवटच्या आकड्यातून एक वजा करून बघणं, आणि आउटपुट एकदा बरोबर दिसलं की पुढे जाणं. हा उपाय नाहीच, ही चूक लपवायची पद्धत आहे. एका इनपुटला उत्तर जुळलं याचा अर्थ अट बरोबर आहे असा होत नाही, आणि अशी जुळवलेली अट पुढच्या प्रोग्राममध्ये तशीच्या तशी परत चुकते कारण मुळात ती का चुकली होती हे कळलेलंच नसतं.

एकाने चुकणे

१०० मीटरचं सरळ कुंपण घालायचंय आणि दर १० मीटरला खांब, तर खांब १० नाही लागत, ११ लागतात. लूपमधल्या बऱ्याच चुका याच जातीच्या असतात. आपण मोजतोय काय, खांब का मधल्या जागा, हे ठरवायच्या आधीच अट लिहून मोकळे होतो.

साधं उदाहरण घ्या, १ ते ५ ची बेरीज. आय (फेऱ्या मोजणारा आकडा) १ पासून सुरू केला आणि अट लिहिली आय < ५, तर उत्तर १० येतं, १५ नाही, कारण आय ५ झाला की अट खोटी होते आणि ५ मिळवायचा राहून जातो. पायथॉनमध्ये रेंज(१, ५) लिहिलं की हेच होतं, शेवटचा आकडा त्यात धरलेला नसतो, रेंज(१, ६) लिहावं लागतं. अ‍ॅरेमध्ये (एकापाठोपाठ ठेवलेल्या किमतींची यादी) मात्र उलटी गंमत, तिथे इंडेक्स (घटकाचा क्रमांक) ० पासून सुरू होतो म्हणून ५ घटकांच्या अ‍ॅरेचा शेवटचा इंडेक्स ४, आणि तिथे आय <= ५ लिहिलं की आपण अ‍ॅरेच्या बाहेर गेलो. जावा आणि पायथॉन लगेच एरर देऊन थांबतात, जावास्क्रिप्ट एरर न देता अनडिफाइन्ड (म्हणजे किंमतच नाही) हातात ठेवते, आणि सी मध्ये काय होईल याची काहीच हमी नाही. सी मध्ये तर असंही होऊ शकतं की १० घटकांच्या अ‍ॅरेत आय <= १० अशी अट ठेवून प्रत्येक जागी ० भरायला गेलात, मेमरीत अ‍ॅरेच्या शेजारीच आय बसलेला होता, शेवटच्या फेरीत तोच ० झाला आणि लूप परत पहिल्यापासून सुरू झाला, कायमचा. बघणाऱ्याला वाटतं आय++ (आय एकने वाढवायची ओळ) मध्ये काहीतरी गडबड आहे आणि तो तिथेच शोधत बसतो.

सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, म्हणजे ० <= आय < एन (एन म्हणजे घटकांची संख्या), ही सवय लावून घ्यावी असं कॉम्प्युटर शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधल्या एका छोट्या टिपणात मांडलं होतं आणि त्यामागचं कारण फार उपयोगी आहे. अशा लिहिण्यात शेवटातून सुरुवात वजा केली की थेट फेऱ्यांची संख्या मिळते, आणि एक रेंज जिथे संपते तिथूनच दुसरी सुरू होते, मध्ये +१ -१ काही करावं लागत नाही. म्हणून अ‍ॅरे असेल तर डोळे झाकून < वापरा, आणि <= लिहायची वेळ आली तर थांबून स्वतःला विचारा की इथे शेवटचा आकडा खरंच हवाय का.

कधी कधी तो खरंच हवा असतो. एखादी संख्या मूळ आहे का बघायला आय २ पासून घेऊन आय * आय < एन अशी अट ठेवलेली खूप ठिकाणी दिसते. ७ ला बरोबर, ११ ला बरोबर, १५ ला पण बरोबर, सगळं छान. आणि ४, ९, २५, ४९ हे सगळे मूळ म्हणून पास होतात! कारण ९ साठी ३ * ३ < ९ खोटं आहे, म्हणजे ३ ने भाग जातो का हे बघायच्या आधीच लूप संपतो. इथे <= च पाहिजे. अंदाजाने टेस्ट केलेल्या आकड्यांत पूर्ण वर्ग आला नाही तर ही चूक कितीही दिवस तशीच राहू शकते.

न थांबणारा लूप

इन्फिनिट लूपचं पहिलं कारण सगळ्यांना माहीत असतं, आय वाढवायचा राहिला. दुसरं जास्त फसवं आहे, वाढवलाय पण त्याच्या वर कंटिन्यू (ही फेरी इथेच सोडून पुढच्या फेरीला जा) लिहिलंय, त्यामुळे ठराविक परिस्थितीत वाढवायची ओळ येतच नाही. फॉर लूपमध्ये कंटिन्यू केलं तरी आय++ होतो, व्हाइलमध्ये होत नाही, म्हणून फॉरचा व्हाइल करताना ही चूक हमखास होते. तिसरं म्हणजे व्हाइल (आय < १०) च्या लगेच पुढे पडलेला सेमिकोलन, जो डोळ्याला दिसतच नाही. त्या सेमिकोलनमुळे लूपचं शरीर रिकामं होतं आणि खालचे कंस नुसतेच उरतात. फॉरच्या पुढे तोच सेमिकोलन पडला तर लूप थांबतो, पण आतलं काम एकदाच होतं. चौथं, == (तुलना) च्या जागी = (किंमत देणं), म्हणजे व्हाइल (एक्स = १), जे सी मध्ये कायम खरं.

मग टाइपमुळे होणाऱ्या चुका. अ‍ॅरे उलटा फिरवायचाय म्हणून अनसाइन्ड आय घेतला आणि अट लिहिली आय >= ०. अनसाइन्ड आकडा शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, ० मधून १ वजा केला की ३२ बिटमध्ये तो ४२९४९६७२९५ होतो, त्यामुळे अट कधीच खोटी होणार नाही. साधा इंट (उणे आकडेही धरणारा पूर्णांक) वापरा म्हणजे प्रश्न मिटतो. पॉइंटमधल्या आकड्यांचं असंच, एक्स ० पासून घेऊन दर फेरीला ०.१ मिळवत एक्स != १.० (!= म्हणजे 'बरोबर नाही') असेपर्यंत फिरायचं ठरवलं तर दहा फेऱ्यांनंतर एक्स ०.९९९९९९९९९९९९९९९९ असतो आणि पुढच्या फेरीत तो १ च्या पुढे निघून जातो. ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण लिहिताच येत नाही, त्यामुळे इथे कॉम्प्युटरचा काही दोष नाही. मोजायला पूर्णांक घ्या, ० ते १०, आणि आत लागेल तिथे १० ने भागा.

इनपुट घेतानाच्या चुका नवशिक्यांना सगळ्यात जास्त रडवतात. पायथॉनमध्ये एन = इनपुट() करून व्हाइल एन != ० लिहिलं, यूझरने ० दिला तरी लूप चालूच, कारण आलेला '०' हा मजकूर आहे आणि मजकूर कधीच आकडा ० च्या बरोबर नसतो, इंट() लावून त्याचा आकडा केलाच पाहिजे. सी मध्ये स्कॅनएफने आकडा मागितला आणि यूझरने अक्षर टाइप केलं तर ते अक्षर बफरमध्ये (टाइप केलेलं साठतं तिथे) तसंच पडून राहतं, पुढचा स्कॅनएफ परत त्याच अक्षरावर अडतो, व्हेरिएबलची जुनी किंमत तशीच, आणि स्क्रीनवर मेनू धबाधबा छापला जातो. उपाय म्हणजे स्कॅनएफने परत दिलेली किंमत १ आहे का ते बघायचं आणि नसेल तर राहिलेली ओळ वाचून टाकायची. फाइलचं थोडं वेगळं, व्हाइल (!एफईओएफ(फाइल)) लिहिलं की शेवटची ओळ दोनदा येते, कारण फाइल संपली हे वाचायचा एक प्रयत्न फसल्यावरच कळतं, आधी नाही. वाचणं हेच अटीत टाकलं की झालं, व्हाइल (एफगेट्स(...) != नल).

आणि की किंवा

'हो' किंवा 'नको' येईपर्यंत विचारत राहायचंय. बोलताना आपण किंवा म्हणतो म्हणून अटही तशीच लिहिली जाते, उत्तर != 'हो' किंवा उत्तर != 'नको'. आता कुठलंही उत्तर घ्या, ते या दोन्हींपैकी निदान एकापेक्षा तरी वेगळं असणारच, म्हणजे अट कायम खरी. पायथॉनवाले अजून छोटं लिहितात, उत्तर != 'हो' ऑर 'नको', तिथे तर 'नको' हा रिकामा नसलेला मजकूर एकटाच खरा धरला जातो.

इथे एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, व्हाइलची अट ही चालू राहायची अट असते पण आपल्या डोक्यात नेहमी थांबायची अट असते. म्हणून आधी थांबायची अट सरळ लिहा, उत्तर == 'हो' किंवा उत्तर == 'नको', आणि मग ती उलटी करा. उलटं करताना == चं != होतं आणि किंवा चं आणि होतं, गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियम तो हाच. कागदावर दोन ओळी लागतात, पण त्या दोन ओळींनी या प्रकारच्या जवळजवळ सगळ्या चुका जातात.

झून प्लेअरची गोष्ट

ही चूक फक्त शिकणाऱ्यांचीच नाही याचं एक नीट माहीत असलेलं उदाहरण ३१ डिसेंबर २००८ चं आहे. मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेअर त्या दिवशी सुरू होताना अडकून बसले. आत घड्याळाचा कोड होता, १९८० पासून किती दिवस झाले त्यावरून वर्ष काढणारा. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत लूप, आत लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा करा आणि वर्ष एकने वाढवा, लीप नसेल तर ३६५ वजा करा आणि वर्ष वाढवा. २००८ लीप वर्ष, ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त म्हणून लूप चालू, पण ३६६ पेक्षा जास्त नाही म्हणून आत काहीच बदलत नाही, परत तीच फेरी. दुसऱ्या दिवशी बॅटरी संपवून परत चालू केल्यावर प्लेअर सुरू झाले, कारण दिवस आता ३६७ झाला होता. दुरुस्ती एका ब्रेकची (लूप तिथेच सोडायची आज्ञा). पण ती सापडायला लीप वर्षाचा शेवटचा दिवस टेस्टमध्ये असायला हवा होता.

दुरुस्ती

सगळ्यात खात्रीची पद्धत जुनीच आहे, कागदावर ड्राय रन. फेरी, आय, बेरीज, अट खरी का खोटी असे रकाने आखायचे आणि प्रत्येक फेरीला स्वतः कॉम्प्युटर होऊन किमती लिहायच्या, आपल्याला काय अपेक्षित आहे ते नाही तर कोडमध्ये जे लिहिलंय ते. मोठा इनपुट घेऊ नका, एन ३ घ्या, पहिली फेरी आणि शेवटच्या दोन फेऱ्या नीट बघा, मधल्या फेऱ्यांत सहसा काही नसतं. कागद नको असेल तर लूपच्या आत पहिल्याच ओळीला आय आणि बाकीच्या किमती प्रिंट करा, आणि लूपच्या बाहेर आल्यावर परत एकदा, कारण लूप सुटला तेव्हा आय किती होता यावरून अर्धं निदान होतं. अडकलेला प्रोग्राम थांबवायला टर्मिनलमध्ये कंट्रोल सी.

मग टेस्ट. एन ०, १, २ हे तीन आकडे कायम चालवून बघा. अंक मोजायचा नेहमीचा प्रोग्राम, एन > ० असेपर्यंत १० ने भागत जा आणि काउंट वाढवा, ४७२ ला ३ देतो पण ० ला ० देतो, खरं उत्तर १ असताना. तिथे डू-व्हाइल पाहिजे, जो आधी एक फेरी करतो आणि मग अट बघतो. एन >= ० करून कोणी सुधारायला गेलं तर तो थांबणारच नाही, कारण ० भागिले १० परत ०.

कधी कधी अट बरोबर असते, चूक जागेची असते. -१ येईपर्यंत आकडे घेऊन बेरीज करायची, आणि उत्तर दरवेळी १ ने कमी येतं. लूपमध्ये आधी वाचलंय आणि मग मिळवलंय, म्हणून -१ पण मिळवला गेला. इथे अट बदलत बसलात तर हाती काही लागणार नाही, पहिला आकडा लूपच्या आधी वाचा आणि पुढचे लूपच्या शेवटी.

बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी अर्धा भाग सोडत शोधणं) लो आणि हाय यांच्या मधला मिड काढून लो = मिड लिहिलं की असाच घोळ होतो. लो ४, हाय ५, मिड ४, लो परत ४. अट कशीही बदला, फेरीत काही पुढेच सरकत नाहीये. लो = मिड + १ हवं. दर फेरीला कुठली तरी किंमत शेवटाकडे सरकली पाहिजे, ही किंमत कुठली ते बोट ठेवून दाखवता आलं नाही तर लूप अजून तयार नाही असं समजा.

एखादा लूप थांबेल का हे कुठल्याही प्रोग्रामसाठी सांगू शकणारी एकच पद्धत असू शकत नाही हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलंय, त्यामुळे कंपायलरकडून सगळ्याची अपेक्षा करू नये, पण जेवढं तो सांगतो तेवढं तरी ऐकावं. जीसीसीला (सी चा एक कंपायलर) वॉर्निंग चालू करायला सांगितलं की अटीतला एकटा = तो दाखवतो, जास्तीच्या वॉर्निंग घेतल्या तर अनसाइन्ड >= ० कायम खरं आहे हेही सांगतो. अ‍ॅरेच्या बाहेर गेल्याचं पकडायला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून चालवा. आणि जिथे नुसते घटक एकामागून एक हवेत, इंडेक्स नको, तिथे फॉर-इच वापरा म्हणजे अट लिहायची वेळच येत नाही, फक्त त्याच लिस्टमधून फिरता फिरता घटक काढू नका, पायथॉनमध्ये तसं केलं की काढलेल्याच्या पुढचा घटक वगळला जातो. त्यासाठी लिस्टची कॉपी करून तिच्यावर फिरा, नाहीतर हवे तेवढेच घटक घेऊन नवी लिस्ट बनवा.