वार्धक्य आणि ठरवलेल्या कामांची आठवण

ठरवलेले काम योग्य वेळी आपणहून आठवून पार पाडण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात. जेवणानंतर रक्तदाबाची गोळी घेणे, मुदतीत वीजबिल भरणे, शेजाऱ्यांचा निरोप त्यांची गाठ पडताच सांगणे ही तिची रोजची उदाहरणे. मागचे काही आठवायचे असते तेव्हा बहुधा कुणीतरी विचारलेले असते. इथे विचारणारा कुणीच नसतो.

आइन्स्टाइन (भौतिकशास्त्रज्ञ नव्हेत) आणि मॅकडॅनियल या अमेरिकी संशोधकांनी 1990 च्या दशकात या कामांचे दोन प्रकार पाडले. काही कामे एखादी खूण दिसली की आठवतात. काहींसाठी घड्याळावर स्वतःच लक्ष ठेवावे लागते. वयाचा फटका मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला बसतो. मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक यांच्या मते, बाहेरून आधार नसताना मनाने स्वतः पुढाकार घेऊन आठवणे उतारवयात अवघड होते. मेंदूच्या पुढच्या भागात वयानुसार होणाऱ्या बदलांशी याचा संबंध जोडला जातो.

मात्र प्रयोगशाळेबाहेर चित्र उलटते. पीटर रेंडेल आणि क्रेक यांनी 2000 साली सोंगट्या-फाशांच्या खेळासारखा ‘व्हर्च्युअल वीक’ वापरला. त्यात पटावरची एक फेरी म्हणजे एक दिवस, आणि त्या दिवसाची ठरलेली कामे खेळता खेळता आठवायची. या खेळात तरुण सरस ठरले, पण प्रत्यक्ष आठवड्यात तशीच कामे दिली तेव्हा ज्येष्ठांनी त्यांना मागे टाकले. या विरोधाभासाचे एकच सर्वमान्य उत्तर नाही. बांधीव दिनक्रम, डायरी-कॅलेंडरची सवय आणि दिलेला शब्द पाळण्याची आस्था ही कारणे सांगितली जातात. कमी वयाच्या लोकांची धावपळही त्यात धरायला हवी: डेनिस पार्क व सहकाऱ्यांच्या 1999 मधील संधिवाताच्या रुग्णांवरील अभ्यासात औषधे चुकवण्यात मध्यमवयीनच पुढे होते. त्यामुळे ‘वय झालं, आता विसरणारच’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य सरसकट खरे नाही.

ज्येष्ठांची एक चूक मात्र वेगळी आणि अधिक धोक्याची असते. रोजचे काम केल्याचेच लक्षात राहत नाही, आणि गोळी दुसऱ्यांदा घेतली जाते. गजर इथे उपयोगी पडत नाही. तो वेळ सांगतो, गोळी पोटात गेली की नाही हे सांगत नाही. वारांचे कप्पे असलेली डबी ते सांगते. आठवण राहावी म्हणून ‘लक्षात ठेवीन’ एवढ्यावर न थांबता ‘चहाचा कप खाली ठेवला की रक्तातली साखर तपासीन’ असा नेमका संकल्प करणे ज्येष्ठांना उपयोगी पडल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पदराला गाठ मारण्याच्या जुन्या युक्तीत खूण असते, पण काम कोणते ते गाठ सांगत नाही.

नेहमीचे काम अधूनमधून राहून जाणे हे वार्धक्याचे सामान्य लक्षण आहे. आठवण करून दिल्यावरही ‘असं काही ठरलंच नव्हतं’ असे वारंवार वाटू लागले, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे योग्य.