फाइल लिहितानाच कॉम्प्रेस करा

मे महिन्यात नागपूरचा पारा कधी कधी ४५ च्या आसपास जातो. गच्चीवरच्या सेन्सरनं दर मिनिटाला तापमान टिपलं, तर फाइलमध्ये अशी एक ओळ पडेल: ‘नागपूर,२०२४-०५-२० १४:०१,४४.६’. यूटीएफ-८ या, अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र अशी ६ चिन्हं, म्हणजे नुसत्या ‘नागपूर’चेच १८ बाइट. अंक इंग्रजी ठेवले तर ओळ संपल्याची खूण धरून एकूण ४१ बाइट होतात. पुढच्या मिनिटाची ओळ पहिल्या ३४ बाइटपर्यंत हुबेहूब हीच!

अशा पुनरावृत्तीचा फायदा घेणारी पद्धत अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडली. पुन्हा आलेला मजकूर ती लिहीतच नाही. ‘४१ बाइट मागे जा, तिथून ३४ उचल’ एवढंच नोंदवते. जीझिप हा कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम. ते त्यावर डेव्हिड हफमन यांची १९५२ ची युक्ती चढवतं: वारंवार येणाऱ्याला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला लांब. मागे मात्र ते ३२,७६८ बाइटपर्यंतच पाहतं, म्हणजे आपल्या सेन्सरच्या साधारण १३ तासांच्या नोंदी.

डेटा लिहिणाऱ्या लायब्ररीत ही सोय बसवायची कुठे? आधी अख्खी फाइल लिहून मग कॉम्प्रेस करणं मला पटत नाही; तेवढा वेळ डिस्कवर दोन्ही फाइलींना जागा लागते. कॉम्प्रेसर हा रायटर (ओळी लिहिणारा कोड) आणि फाइल यांच्या मध्ये बसवावा. रायटर नेहमीसारख्या ओळी सोडत राहतो, डिस्कवर जातात ते कॉम्प्रेस झालेले बाइट. पायथनमध्ये ‘ओपन’च्या जागी ‘जीझिप.ओपन’ टेक्स्ट मोडमध्ये वापरलं की झालं, सीएसव्ही (स्वल्पविरामानं तोडलेल्या ओळींच्या) रायटरला हातही लावावा लागत नाही.

खरी मेख आहे फाइल बंद करण्यात. कॉम्प्रेसर बराच मजकूर स्वतःपाशी धरून ठेवतो, आणि अगदी शेवटी ८ बाइट लिहितो: ४ तपासणीच्या बेरजेचे, ४ मूळ आकाराचे. मध्येच वीज गेली तर धरलेला मजकूर जातो, हे ८ बाइटही लिहायचे राहून जातात, आणि उघडताना ‘फाइल अपुरी आहे’ अशी एरर येते. म्हणून दर ओळीला फ्लश करावं, म्हणजे धरलेलं लगेच लिहायला लावावं, तर प्रत्येक वेळी जादा बाइट खर्ची पडतात आणि कॉम्प्रेशनचा फायदा बराचसा जातो. माझ्या मते तासाला एकदा फ्लश करून डेटा डिस्कवर उतरवावा आणि रोज मध्यरात्री फाइल बंद करून नवी उघडावी. मग भर उन्हाळ्यात लाइट गेलीच, तरी नुकसान फार तर तासाभराच्या नोंदींचं.