सपाट रस्त्यावरचा अदृश्य चढ

पुण्यात जूनचा पहिला पाऊस पडला की कार्यालयाच्या सायकलतळावर मला एक सल्ला हमखास मिळतो: "टायर पार गुळगुळीत झालेत, बदलून घ्या, नाहीतर घसराल." माझी सायकल डोंगरवाटांसाठी बनवलेली, म्हणजे आपण जिला एमटीबी म्हणतो ती आहे, आणि तिचे टायर झिजलेले नसून मी ते रोजच्या डांबरी रस्त्यासाठी मुद्दाम गुळगुळीत घेतले आहेत. सल्ल्यामागचा हेतू चांगलाच असतो, पण ती समजूत मोटारीवरून उचललेली आहे आणि सायकलला ती लागू पडत नाही.

मोटारीच्या टायरवरील खाचांचे मुख्य काम पाण्याला वाट करून देणे हे असते. ओल्या रस्त्यावर वेग फार वाढला की टायरखालचे पाणी वेळेत बाजूला सरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि त्याची पकड सुटते. नासाच्या संशोधकांनी 1963 मध्ये या वेगाचे एक सोपे सूत्र मांडले. टायरमधील हवेचा दाब पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड या मापात, घेऊन त्याच्या वर्गमुळाला सुमारे 16.7 ने गुणले की तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. मोटारीच्या 33 पीएसआयला उत्तर सुमारे 96 येते, आणि द्रुतगती मार्गावर हा वेग सहज गाठला जातो, म्हणून मोटारीला खाचा हव्यातच. सायकलच्या 50 पीएसआयला तेच उत्तर 118 येते. शिवाय सायकलचा टायर अरुंद व गोलसर असल्याने तो पाणी कापत जातो. पावसात सायकल घसरते ती चिखल, सांडलेले तेल, रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे यांवरून, आणि तेल, पट्टे किंवा लोखंड यांवर टायरचे उंचवटेही वाचवत नाहीत.

गुळगुळीत टायर आणि एमटीबीचे उंचवट्यांचे टायर यांतला खरा फरक कोरड्या, सपाट रस्त्यावरच पडतो, आणि त्याचे कारण मला सायकलच्या साऱ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटते. रबराचा चेंडू खाली सोडला तर तो मूळ उंचीपर्यंत परत उसळत नाही. रबरात रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि गंधकाच्या सांध्यांनी त्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात. रबर दाबले की या साखळ्या एकमेकींवर घासत सरकतात, सोडले की घासतच परततात, आणि त्यात काही ऊर्जेची उष्णता होऊन जाते. म्हणून रबर दाबायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोराने ते उलट ढकलते.

आता फिरणारे चाक डोळ्यांपुढे आणा. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम काड्यापेटीएवढा असतो. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागातले रबर दबत असते आणि मागच्या अर्ध्या भागातले सुटत असते. दबणारे रबर रस्त्याला जास्त रेटते, सुटणारे कमी. साहजिकच रस्ताही चाकाला पुढच्या बाजूने जास्त आणि मागच्या बाजूने कमी उचलून धरतो. त्यामुळे रस्त्याच्या आधाराचा मध्य आसाच्या थेट खाली न राहता किंचित पुढे सरकतो आणि तिथून लागणारा रेटा चाकाला उलटे फिरवू पाहतो. या विरोधाला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात, आणि चाकावरच्या वजनाचा जेवढा हिस्सा या विरोधात जातो तो त्याचा गुणांक. आधाराचे सरकणे चाकाची त्रिज्या आणि हा गुणांक यांच्या गुणाकाराएवढे असते. त्रिज्या 33 सेंटीमीटर आणि गुळगुळीत टायरचा गुणांक 0.006 धरला, तर ते अवघे 2 मिलिमीटर येते. उंचवट्यांच्या टायरला गुणांक दुप्पट धरला तर 4.

दुप्पट का, हे हातानेच पाहता येते. टायरचा एक उंचवटा अंगठ्याने आडवा रेटला की तो डुलतो. डांबरावर असा प्रत्येक उंचवटा टेकताना दबतो, वाकतो आणि सुटताना झटक्याने सरळ होतो; चालत्या एमटीबीची घूं घूं याच वाकण्या-सुटण्याची असते. मातीत तेच उंचवटे रुततात आणि पकड देतात, तिथे त्यांना पर्याय नाही.

चढावरही वजनाचा असाच एक हिस्सा मागे ओढतो, म्हणून गुणांकातला 0.006 चा फरक म्हणजे दर किलोमीटरमागे 6 मीटरचा चढ. माझे कार्यालय 9 किलोमीटरवर आहे, म्हणजे 54 मीटर, तीन मीटरचा एक मजला धरला तर अठरा मजले. खऱ्या चढाचा येताना उतार तरी मिळतो. हा चढ संध्याकाळी पुन्हा चढावा लागतो.

याचा अर्थ टायर जितका अरुंद तितका चांगला असा मात्र नाही. हवेचा दाब तोच ठेवला तर रुंद टायरचा टेकलेला भाग आडवा पसरतो, लांबीला कमी होतो आणि टायर कमी दबतो. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर 1.5 ते 1.75 इंच रुंदी मला योग्य वाटते. हवाही दगडासारखी टणक भरू नये, कारण मग टायर खडबडीतपणा पोटात घेत नाही, सायकल आणि स्वार दोघेही हादरतात आणि ती ऊर्जा शरीरात जिरते. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादांत राहून, मागच्या चाकात थोडी जास्त हवा ठेवावी आणि आठवड्याला गेजने तपासावी. नायट्रोजन भरण्यासाठी वेगळे पैसे मोजणे निरर्थक आहे. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

खरेदीत एक घोटाळा होतो आणि तो माझाही झाला. एका दुकानातून मी 26 × 1½ चा टायर आणला आणि तो रिमवर सैल लोंबला. गणितात 1½ आणि 1.5 सारखेच, पण टायरांच्या जगात 26 × 1.5 चा रिमवर बसणारा व्यास 559 मिलिमीटर असतो आणि 26 × 1½ चा 584. तो टायर 27.5 इंची एमटीबीच्या रिमवर बसला असता. म्हणून इंचांकडे न पाहता टायरच्या बाजूवर 47-559 असा बारीक छापलेला आकडा शोधावा. त्यातला पहिला भाग मिलिमीटरमधील रुंदी दाखवतो. दुसरा आकडा 26 इंची एमटीबीला 559, 27.5 इंचीला 584 आणि 29 इंचीला 622 हवा.