फुल एचडी की १९२० × १२००? बिझनेस लॅपटॉपच्या स्क्रीनची पार्श्वभूमी

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि पणजी, फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या वकील, सीए आणि आर्किटेक्ट मंडळींच्या ऑफिसांतले जुने लॅपटॉप बदलायला निघाले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी मशीनसुद्धा बाद ठरली. या खरेदीत प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांवर फारसे अडत नाही. अडते ते ‘फुल एचडी’ या दोन शब्दांवर.

फोंड्यातल्या एका ऑफिसने मागणीपत्रात लिहिले होते : ‘१४ इंच, फुल एचडी, १९२० × १०८०.’ मी दिलेल्या कोटेशनमध्ये स्क्रीन १९२० × १२०० होती. ‘स्पेसिफिकेशन जुळत नाही’ असा शेरा मारून कागद परत आला. रुंदीला तेवढेच पिक्सेल, उंचीला १२० ओळी जास्त, आणि तरीही नापास. शेरा मारणाऱ्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर जे छापलेले होते ते त्याने ताडून पाहिले. १२०० हा आकडा ‘न जुळणारा’ का वाटावा, याचे उत्तर शोधायचे तर २००८ ते २०११ या काळात जावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. थिंकपॅड ही आयबीएमची, पुढे लेनोवोची बिझनेस लॅपटॉपांची मालिका. १९९२च्या थिंकपॅड ७००सीवर १०.४ इंची रंगीत स्क्रीन होती, रिझोल्यूशन, म्हणजे आडवे × उभे पिक्सेल, ६४० × ४८०. १९९७च्या थिंकपॅड ७७०वर ते १०२४ × ७६८ झाले. तेव्हा हे सगळ्यात वरचे, सगळ्यात महाग मॉडेल होते. ७६८ हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

खरी भरभराट झाली ती २००३ ते २००६ या तीन-चार वर्षांत. २००३च्या डेल लॅटिट्यूड डी८००वर १५.४ इंची १९२० × १२०० स्क्रीन घेता येत असे. त्याच वर्षीच्या थिंकपॅड आर५०पीवर १५ इंचांत १६०० × १२००, तेही आयपीएस पॅनेल, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग न उडणारे. २००६च्या थिंकपॅड टी६०ला १४.१ इंचांत १४०० × १०५० मिळत असे. किंमत भारी होती, वजन होते, बॅटरी दोन-अडीच तासांत मान टाकायची. पण कागदावर काम करणाऱ्या माणसाला कागदाच्या जवळ जाणारी स्क्रीन मिळत होती. मी या धंद्यात आलो तेव्हा पणजीतल्या एका आर्किटेक्टकडे असे एक मशीन होते. बिजागरी सैल झाली, चार्जर दोनदा बदलला, तरी ते मशीन सोडायला तो तयार नव्हता. कारण विचारले की एकच सांगायचा : ‘नवीनात एवढी उभी स्क्रीन मिळत नाही रे.’ त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते.

त्या उंचीचे पुढे काय झाले ते थिंकपॅडच्या एकाच टी मालिकेत स्पष्ट दिसते. टी६० (२००६), १४.१ इंच, रुंदी-उंचीचे गुणोत्तर ४:३ : स्क्रीनची उंची सुमारे २१५ मिलिमीटर. टी४०० (२००८), पुन्हा १४.१ इंच, १६:१० : सुमारे १९० मिलिमीटर. टी४२० (२०११), १४ इंच, १६:९ : सुमारे १७४ मिलिमीटर. जाहिरातीत तिन्ही ‘१४ इंची’च. पाच वर्षांत चार सेंटीमीटर उंची गेली आणि ती गेल्याचे कुठल्याच माहितीपत्रकात आले नाही, कारण इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. स्क्रीन जितकी रुंद आणि बुटकी होते तितकेच तिरके माप ठेवूनही काच कमी लागते. १५ इंची ४:३ स्क्रीनचे क्षेत्रफळ १०८ चौरस इंच भरते. तिच्या जागी आलेल्या १५.६ इंची १६:९ स्क्रीनचे १०४. गिऱ्हाइकाला वाटले स्क्रीन वाढली, प्रत्यक्षात ती आक्रसली.

हा निर्णय बिझनेस लॅपटॉप वापरणाऱ्यांना विचारून झालेला नव्हता. टीव्हीसाठी १६:९ हे गुणोत्तर आधीच पक्के झाले होते. पॅनेल बनवणारे कारखाने मोठ्या काचेतून तुकडे कापतात, आणि त्या वेळी उद्योगाचे म्हणणे असे की १६:९चे तुकडे कापले तर काच कमी वाया जाते, शिवाय टीव्ही, मॉनिटर आणि लॅपटॉप एकाच गुणोत्तरात आणले तर सगळ्यांचाच खर्च उतरतो. २००८ मध्ये ही लाट घरगुती लॅपटॉपांत आली आणि २०११पर्यंत जवळजवळ सगळे बिझनेस लॅपटॉप तिच्यात ओढले गेले. मॅकबुक प्रोने १६:१० सोडले नाही, पण तो अपवादच. बाजूने बोलायचे तर रुंद स्क्रीनचे फायदेही होते : १५.६ इंची मशीनवर उजवीकडे आकड्यांचा कीपॅड बसू लागला, हिशेब लिहिणाऱ्यांना तो आवडला, आणि दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावणे थोडे सोपे झाले.

पण ऑफिसातले काम उभे असते. ए४ कागद २९७ मिलिमीटर उंच, लीगल त्याहून उंच, ३५६ मिलिमीटर. १७४ मिलिमीटरच्या स्क्रीनमधून टास्कबार, टायटलची पट्टी आणि वरची टूलबार यांचे तीन-चार सेंटीमीटर वजा केले तर मूळ आकारात ठेवलेल्या ए४चा अर्धा भागही एका नजरेत मावत नाही. त्यातच ऑफिस २००७ने वर्ड आणि एक्सेलच्या डोक्यावर रिबन, म्हणजे बटणांची जाड पट्टी, आणून बसवली. एकीकडे सॉफ्टवेअर उभी जागा खात होते, दुसरीकडे हार्डवेअर ती कमी करत होते, आणि दोन्ही एकाच काळात. विक्रीखताचा मसुदा तपासणाऱ्या वकिलाला चतुःसीमा वाचताना परिशिष्ट दिसेना. वर-खाली सरकवत राहणे हेच काम होऊन बसले.

ओळींचा हिशेबही तसाच. टी६०ला वरच्या पर्यायात १०५० ओळी मिळत, टी४२०ला वरच्या पर्यायात ९००. साध्या पर्यायात पुन्हा ७६८. पुढे २०१८च्या टी४८०लासुद्धा १३६६ × ७६८ची स्क्रीन विकत मिळत होती. १९९७ साली सगळ्यात महागड्या मशीनवर ७६८ ओळी, २०१८ साली नामांकित बिझनेस मशीनच्या साध्या पर्यायावर ७६८ ओळी. मधल्या एकवीस वर्षांत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क किती पटींनी वाढल्या ते वेगळे सांगायला नको.

१३६६ हा आकडाही मुळात विचित्र. ७६८ ओळींना १६:९चा साचा लावला तर रुंदी १३६५.३३ येते, ती वर ओढून १३६६ केली. आठाने भाग जात नाही, नेमके १६:९ही होत नाही. पण या स्क्रीनला जे नाव मिळाले त्याने सगळे झाकून टाकले. ते नाव म्हणजे ‘एचडी’.

गुंता इथे आहे. आधीची नावे ‘एक्सजीए’ घराण्यातली होती : एसएक्सजीए प्लस म्हणजे १४०० × १०५०, यूएक्सजीए म्हणजे १६०० × १२००, डब्ल्यूयूएक्सजीए म्हणजे १९२० × १२००. बोजड होती, आणि त्यातही डब्ल्यूएक्सजीए हे एकच नाव १२८० × ८००लाही लावत आणि १३६६ × ७६८लाही. पण निदान ती संगणकाची नावे होती. १६:९ आले आणि टीव्हीच्या दुकानातली भाषा लॅपटॉपवर चिकटली. १३६६ × ७६८ झाले ‘एचडी’, १६०० × ९०० ‘एचडी प्लस’, १९२० × १०८० ‘फुल एचडी’. ‘फुल’ म्हटले की पूर्ण, याहून वर काय असणार, असा भाव त्या शब्दातच आहे. म्हणून २००३ सालच्या १९२० × १२००पेक्षा १२० ओळी कमी असलेली स्क्रीन २०१०नंतर प्रगती म्हणून विकता आली.

पुढे गुंता वाढतच गेला. क्यूएचडी लिहिताना इंग्रजी क्यू मोठा असेल तर टीव्हीच्या १२८० × ७२० एचडीच्या चौपट, म्हणजे २५६० × १४४०, लहान असेल तर फुल एचडीच्या पाव, म्हणजे ९६० × ५४०. ‘१०८०पी’ म्हणताना उंची मोजतात, ‘४के’ म्हणताना रुंदी. आता ‘२.२के’ आणि ‘२.८के’ ही नावे आली आहेत, म्हणजे २२४० × १४०० आणि २८८० × १८००. मागणीपत्र लिहिणाऱ्याने यातून काय उचलावे? तो ओळखीचा शब्द उचलतो, फुल एचडी, आणि कंसात १०८० टाकून मोकळा होतो. उंचीचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी नाजूक आहे, आणि गोव्यात तो नुसता सौंदर्याचा नाही. फोंडा महालातल्या एका देवस्थानाची महाजनांची, म्हणजे देवस्थानावर हक्क असलेल्या सभासदांची, यादी टाइप होत असताना मी शेजारी बसलो होतो. स्क्रीन १४ इंची, १३६६ × ७६८, अक्षर बारा पॉइंटाचे. या मापाला अक्षराच्या वाट्याला सोळा पिक्सेल येतात. शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, सगळे त्या सोळांतच बसवायचे. ‘सर्वांनी’मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून एकच ठिपका होतो. ‘गावकर’ आणि ‘गांवकर’ यांतला फरक म्हणजे एक ठिपका, आणि महाजनांच्या यादीत तो ठिपका चुकला तर सभेत माणसे उभी राहतात. टाइप करणारी मुलगी प्रत्येक आडनावाला झूम वाढवून बघायची, मग परत कमी करायची. दीडशे टक्के, शंभर टक्के, दीडशे टक्के. १४ इंची १९२० × १२०० स्क्रीनवर स्केलिंग, म्हणजे विंडोजमधले सगळे मोठे करून दाखवण्याचे प्रमाण, दीडशे टक्के ठेवले तर डोळ्याला अक्षर जवळजवळ तेवढ्याच आकाराचे दिसते, पण ते सोळाऐवजी चोवीस पिक्सेलांत रेखलेले असते. अनुस्वार सुटा उभा राहतो.

स्केलिंगचा विषय निघाला म्हणून सांगतो, बारीक पिक्सेलांच्या स्क्रीन बिझनेस लॅपटॉपांत उशिरा रुजल्या याचे अर्धे कारण सॉफ्टवेअर आहे. जून २०१२ मध्ये २८८० × १८००चा मॅकबुक प्रो आला, इंचाला २२० पिक्सेल. तिथे हार्डवेअर आणि प्रणाली एकाच घरची, त्यामुळे सगळे दुप्पट करून निभावले. विंडोजमध्ये जुनी प्रोग्रॅम ९६ डीपीआय, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल, गृहीत धरून लिहिलेली. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये तोडगा काढला तो म्हणजे चित्रासारखे ताणून मोठे करायचे, म्हणजे धूसर. लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर यांना वेगवेगळे स्केलिंग २०१३च्या विंडोज ८.१मध्ये आले आणि अंगवळणी पडण्याजोगे झाले ते २०१७च्या विंडोज १०च्या सुधारणांनंतर. तोवर २५६० × १४४०चा लॅपटॉप घेतलेल्या सीएला कर भरण्याच्या युटिलिटीत एक तर मुंगीएवढी बटणे दिसायची नाही तर पुसट. असे दोन लॅपटॉप मी स्वतः रिझोल्यूशन उतरवून दिले आहेत. पैसे पाण्यात.

उंची परत यायला सुरुवात झाली ती बिझनेस मालिकांबाहेर. २०१३च्या क्रोमबुक पिक्सेलने ३:२ गुणोत्तर घेतले, २०१४च्या सर्फेस प्रो ३नेही. २०२०च्या डेल एक्सपीएस १३ने १६:१० आणले. मग थिंकपॅड एक्स१ कार्बन २०२१ मध्ये १६:१०वर गेला, थिंकपॅड टी१४ आणि एचपीचा एलिटबुक ८४० त्याच्या पुढच्या वर्षी. टी मालिकेपुरते बोलायचे तर २०११ला गेलेली उंची २०२२ला परतली, तीही सगळी नाही : १४ इंची १६:१० स्क्रीन सुमारे १८८ मिलिमीटर उंच आहे. १०८०च्या तुलनेत एक्सेलच्या, शंभर टक्के स्केलिंगवर, सहा ओळी जास्त दिसतात, दीडशेवर चार.

४के हा वेगळा विषय. १४ इंचांत ३८४० × २४०० म्हणजे ब्याण्णव लाखांवर पिक्सेल, १९२० × १२००च्या चौपट. ते पेटते ठेवायला बॅटरी खर्ची पडते आणि कागदपत्राच्या कामात २८८० × १८००च्या पुढचा फरक डोळा सहसा पकडत नाही. पोर्तुगीज काळातल्या नोंदणीच्या दस्तांचे स्कॅन रोज वाचणाऱ्यांनी मात्र बारीक पिक्सेल घ्यावेत. फिकट शाईतली वळणे तिथे खरोखर उलगडतात.

मागणीपत्रांत अजून न दिसणाऱ्या दोन ओळी आहेत. एक, ब्राइटनेस : बिझनेस लॅपटॉपांचे साधे पॅनेल वर्षानुवर्षे २५० निट्सचे (निट हे उजेडाचे माप) राहिले. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीत, किंवा साइटवर बसून काम करणाऱ्याला ४०० लागतात. दुसरी, रंग : ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचे माप) असे बारीक अक्षरात असेल तर लाल रंग विटकरी दिसणार. आर्किटेक्टाने तिकडे बघू नये.

फोंड्याच्या त्या ऑफिसला मी नंतर कागद घेऊन गेलो नाही. दोन्ही लॅपटॉप घेऊन गेलो, त्यांच्याच टेबलावर ठेवले आणि त्यांचाच एक मसुदा दोन्हींवर उघडला. मागणीपत्रात आता ‘१४ इंच, १६:१०, किमान १९२० × १२००, किमान ४०० निट्स’ असे आहे. ‘फुल एचडी’ हे शब्द त्यांनी खोडले आहेत.