मीठ, साखर आणि पाणी: जलसंजीवनीच्या प्रमाणामागचे संशोधन

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ (म्हणजे जुलाबात द्यायची जलसंजीवनी) ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. दुकानात एकाच फळीवर ठेवलेले गोड पेय आणि जलसंजीवनीचे पाकीट यांत असा कोणता फरक आहे की त्यासाठी आदेश काढावा लागावा, हे समजून घ्यायचे तर ते सूत्र कसे ठरत गेले ते पाहिले पाहिजे.

पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा रुग्ण दगावतो तो शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा या डॉक्टरने १८३२ मध्येच शिरेतून मिठाचे पाणी देऊन काही रुग्ण वाचवले होते. परंतु सलाइनसाठी निर्जंतुक द्रव, सुया आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि साथ बहुधा जिथे पसरते तिथे यांतले काहीच पुरेसे नसते. तोंडाने दिलेले पाणी जुलाबावाटे निघून जाते असा अनुभव असल्याने, पोटाला विश्रांती म्हणून खाणेपिणे तोडण्याचा सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांप्रमाणे डॉक्टरही देत असत.

कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की पटकीच्या जंतूंनी सोडलेले विष आतड्यातून पाणी बाहेर काढते. त्यासाठी जंतूंचीही गरज नसते. पुढल्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी, आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत ओढून घेतात, अशी मांडणी केली. पटकीतही ही वाट शाबूत राहते, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी शोषले जाते. म्हणजे या द्रावणातली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसून मीठ आत नेण्यासाठी आहे, आणि म्हणूनच तिचे प्रमाण मनाने ठरवता येत नाही. साखर फार झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. फिलिपाइन्समध्ये १९६२ साली अति तीव्र द्रावण दिलेल्या चाचणीत काही रुग्ण दगावलेही. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यात, किती द्रव गेला आणि किती द्यायचा याचा काटेकोर हिशेब ठेवून चाचणी केली, तेव्हा सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

त्यानंतर १९७१ आले. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडील सलाइनचा साठा संपत आला. त्यांनी एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पाकिटे करवून घेतली, द्रावण पिंपात भरले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. छावण्यांमध्ये सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. नाइलाजातून घेतलेला धाडसी निर्णय म्हणून ही हकिकत सांगितली जाते. मला ते वर्णन अपुरे वाटते, कारण त्या धाडसामागे आधी तपासलेली प्रमाणे होती, आणि महालनबीस यांनी नोंदी ठेवल्या म्हणूनच इतरांना हा परिणाम पडताळता आला.

१९८० पासूनच्या दशकात बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत जाऊन मीठ आणि गूळ वापरून द्रावण करायला शिकवले. त्यांचे मानधन आयांना कृती किती लक्षात राहिली यावर ठरत असे, आणि आयांनी केलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात.

सूत्राची तपासणीही थांबली नाही. जुन्या द्रावणापेक्षा कमी तीव्र द्रावणाने जुलाब, उलट्या आणि सलाइनची गरज कमी होते असे आढळल्यावर २००२ मध्ये ते बदलण्यात आले. आज एका लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, जोडीला पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असते. हे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले की सगळे प्रमाणच बिघडते.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच पाकिटातले ओआरएस मिळाले होते. कर्नाटक आणि बिहारमधील खासगी डॉक्टरांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे एक मोठे कारण सापडले: रुग्णाला ओआरएस नको असते, असा डॉक्टरांचा समज. पालकांनी ते स्वतःहून मागितले, तेव्हा ते लिहून देण्याचे प्रमाण वाढल्याचेही त्यात दिसून आले.