कवडशातला सूर्य : अवकाशाच्या वेडामागची जुनी गोष्ट

२४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण होतं. आजीने पाण्याच्या हंड्यात, लोणच्याच्या बरणीत तुळशीपत्रं टाकून ठेवलेली आणि पोरांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही असा दम दिलेला. मी मागच्या दाराने सटकलो. अंगणातल्या कडुनिंबातून ऊन गोठ्याच्या भिंतीवर येत होतं, आणि बघतो तर एकही कवडसा गोल नाही, सगळ्या कोरी! शेकडो छोट्या चंद्रकोरी भिंतीवर हलतायत. पानांमधली फट बारीक असली की तिच्यातून सूर्याचीच प्रतिमा पडते, म्हणजे एरवीचे गोल कवडसे हे पण सूर्याचेच फोटो असतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

माणसाला अवकाशाची एवढी ओढ का असं कुणी विचारलं की मला ती भिंत आठवते. रॉकेट, चांद्रयान हे सगळं फार अलीकडचं आहे हो. भर दिवसा सूर्य विझायला लागला की माणूस वर बघणारच, आधी भीतीने आणि मग हे परत कधी होणार ते काढायला.

आणि ते काढणं आपल्याकडे फार जुनं आहे. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, हे आर्यभटाने ४९९ मध्येच लिहिलंय. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहणाचं गणित आहे, आणि त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथल्या शिलालेखात त्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे आणि ते दान दिलंय चंद्रग्रहणाच्या पर्वावर, शके ११२८ च्या श्रावण पौर्णिमेला! एका बाजूला ग्रहणाचं पुण्य आणि दुसऱ्या बाजूला ग्रहणाचं गणित, दोन्ही एकाच दगडावर. मला हे फार आवडतं, कारण आमच्या घरातही हे दोन्ही एकत्रच नांदत होतं.

पुढे दुर्बिणी आल्या. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास, म्हणजे सूर्य पूर्ण झाकणाऱ्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला आला होता, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांकडे स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, लावून. त्यात चमकदार रेषा दिसल्या, ग्रहण नसतानाही त्या बघता येतील हे त्याच्या लक्षात आलं. तिकडे इंग्लंडमध्ये लॉकियर या खगोलशास्त्रज्ञानेही ऑक्टोबरात त्या पाहिल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, आणि यातली पिवळी रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. तोच हेलियम. आधी सूर्यावर सापडला आणि पृथ्वीवर थेट १८९५ मध्ये. कोकणात विजयदुर्गावर लॉकियरसाहेबाचे ओटे दाखवतात, खग्रासचा पट्टा तिथून गेला हे खरंच आहे पण लॉकियर स्वतः तेव्हा इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गाला त्याने काहीही कमीपणा येत नाही, सावली तर पडलीच होती ना तिथे.

मग २२ जानेवारी १८९८. करमाळा तालुक्यातलं जेऊर, रेल्वेलाइनवरचं साधं गाव, आणि तिथे कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा उभा करून बसलेला, का तर खग्रासची दोनेक मिनिटं पकडायची. त्याच गावात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रोफेसर कावसजी नायगमवालाही आपली यंत्रं घेऊन आले होते. पुण्यात त्यांची वेधशाळा होती, भावनगरच्या महाराज तख्तसिंगजींच्या नावाची, २० इंची दुर्बीण असलेली. ते १९१२ मध्ये रिटायर झाले आणि वेधशाळा मोडून सगळं सामान कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेत गेलं. पुण्याने हे नाव जवळजवळ विसरूनच टाकलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जाता जाता, ग्रहण एवढं देखणं का दिसतं तर निव्वळ योगायोगाने. सूर्य चंद्रापेक्षा साधारण ४०० पट मोठा आणि साधारण तेवढाच पट लांब, म्हणून चंद्राची थाळी सूर्यावर बरोब्बर बसते आणि एरवी न दिसणारा कोरोना, म्हणजे सूर्याभोवतीचं तेजोवलय, बाहेर डोकावतो.

भीती मात्र लगेच गेली नाही. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रासचा पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला, मुंबईत नुसतं खंडग्रास, तरी रस्त्यांवर शुकशुकाट. १९४४ पासून पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि नंतर ठिकठिकाणचे हौशी ग्रुप लोकांना आकाश दाखवत आले, त्या लोकांनी हळूहळू दारं उघडायला लावली असं माझं मत आहे.

आमच्याकडचं दार मी उघडलं. आजीला हाताला धरून भिंतीपाशी आणलं, गल्लीत तेव्हा "दे दान सुटे गिराण" चालू झालेलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दर ग्रहणाला हे असंच पडत असणार की रे, आम्हीच आत बसलो." आणि शेजारच्या काकूंना हाक मारायला गेली.

आता २० मार्च २०३४ ला खग्रासचा पट्टा कारगिलच्या बाजूने जाणार आहे. मी जाणार आहे, मुलीलाही नेणार.